क्रमांक नागरिकाचा, कागद कुणाचे?

भारतात गेल्या वीस वर्षांत माहितीची ने-आण दोन दिशांनी वाढली. सरकारकडची माहिती नागरिकाला मिळावी म्हणून १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार कायदा अमलात आला. नागरिकाची माहिती सरकारकडे एकत्र यावी म्हणून २००९ पासून ‘आधार’ उभे राहिले. दोन्हींशी महाराष्ट्राचे नाते आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे २००० सालचा कमकुवत राज्य कायदा मागे पडला, २००२ चा दमदार कायदा आला आणि केंद्राच्या कायद्याआधीच इथले लोक सरकारी कागद मागू लागले. देशातले पहिले आधार क्रमांकही इथेच दिले गेले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत तो कार्यक्रम झाला.

दुसऱ्या दिशेची वाटचाल वेगाने झाली. १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, रोजगार हमीची मजुरी, प्राप्तिकर अशा सगळ्या व्यवहारांत आधार शिरले. पहिल्या दिशेचे काय झाले? ज्या यंत्रणेने आपल्या बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा घेतल्या, तिच्याविषयी आपल्याला काय कळू शकले, कुणाकडून आणि केव्हा?

आधारवरची चर्चा बहुधा ‘खासगीपणा की सोय’ या जोडीभोवती फिरते. यंत्रणेच्या पारदर्शकतेचा प्रश्न त्यात मागे राहतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे: कळले पुष्कळ, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्यांत, आणि बहुतेक वेळा ज्याने आपणहून सांगायला हवे होते त्याच्याकडून नव्हे. व्यक्तीची माहिती आणि यंत्रणेची माहिती यांच्यातली रेषा आपल्याकडे उलटी आखली गेली. जे झाकायला हवे होते ते संकेतस्थळांवर उघडे पडले, आणि जे उघडे असायला हवे होते त्याला गोपनीयतेचे कुलूप लागले.

आधी योजना, मग कायदा

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २८ जानेवारी २००९ रोजी नियोजन आयोगाच्या एका अधिसूचनेने झाली. संसदेचा कायदा त्यामागे नव्हता. त्याच वर्षी नंदन निलेकणी अध्यक्ष झाले, बायोमेट्रिक मानकांची समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी नोंदणी सुरूही झाली. कायद्याचे विधेयक राज्यसभेत आले ते डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे टेंभलीच्या कार्यक्रमानंतर. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये ते नाकारले. योजनेचा हेतू स्पष्ट नाही, खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद मांडणारा सर्वंकष व्यवहार्यता अभ्यास झालेला नाही, ही समितीची प्रमुख तक्रार होती. ब्रिटनने आपली ओळखपत्र योजना का गुंडाळली, याचीही दखल समितीने घेतली होती.

समितीचा अहवाल बाजूला ठेवून नोंदणी चालू राहिली. खर्च-लाभाचा अभ्यास आला तो २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये, राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेकडून. गुंतवणुकीवर सुमारे ५३ टक्के परतावा मिळेल, असा त्याचा अंदाज होता. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी त्यातल्या गृहीतकांवर आक्षेप घेतले. पण त्या वादाला धोरण बदलण्याइतकी जागा उरली नव्हती, कारण निर्णय आधीच झाला होता.

२०१६ चा आधार कायदा लोकसभेत धन विधेयक म्हणून आला. राज्यसभेने सुचवलेल्या पाच दुरुस्त्या लोकसभेने १६ मार्च २०१६ रोजी फेटाळल्या आणि २५ मार्चला राष्ट्रपतींची संमती मिळाली. एखादा कायदा समित्यांमधून आणि दोन्ही सभागृहांच्या चर्चेतून जातो तेव्हा टिपणे, अंदाज, तज्ज्ञांच्या साक्षी असे पुष्कळ कागद तयार होतात. सात वर्षे कायद्याविना चाललेल्या आणि नंतर घाईने कायद्यात बसवलेल्या योजनेबाबत ही प्रक्रिया अर्धवट राहिली. म्हणून जे प्रश्न संसदेत विचारले जायला हवे होते ते दहा रुपयांचे शुल्क भरून नागरिकांनी अर्जात विचारले.

अर्जांनी काय मिळवून दिले

नोव्हेंबर २०१७ मध्ये एका अर्जाच्या उत्तरात प्राधिकरणाने मान्य केले की केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक जाहीरपणे दिसत होते. ते काढून टाकण्यात आल्याचेही सांगितले गेले. ‘मध्यवर्ती भांडारातून काहीही फुटलेले नाही’ हा प्राधिकरणाचा ठाम दावा होता आणि आजही आहे. या उत्तराने तो दावा खोटा ठरवला नाही. पण गळती भांडारातून होत नसली तरी तहसील कार्यालयापासून शिक्षण विभागापर्यंत इतर कुठूनही होऊ शकते, हे सरकारच्याच कागदावर आले.

दुसरे उदाहरण बँकांचे. २०१७ मध्ये प्रत्येक खातेदाराला खाते आधारशी जोडण्याचे संदेश येत होते. मुंबईच्या ‘मनीलाइफ’ नियतकालिकाने रिझर्व्ह बँकेला विचारले की असा आदेश तुम्ही काढला आहे का. आपण अशी सूचना काढलेली नाही, असे उत्तर आले. ते छापून येताच २१ ऑक्टोबर २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्टीकरण दिले: जोडणी बंधनकारक आहे, पण ती अवैध संपत्ती प्रतिबंधक नियमांतल्या १ जून २०१७ च्या दुरुस्तीमुळे. त्या एका अर्जामुळे कोट्यवधी लोकांवरची सक्ती नेमकी कोणत्या नियमातून आली हे लोकांना कळले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्यांची सक्ती रद्द केली, तेव्हा कसोटीला लागला तो हाच नियम.

तिसरे उदाहरण कंत्राटांचे. एका माणसाला दोन क्रमांक जाऊ नयेत म्हणून प्रत्येक नव्या ठशाची जुन्या सगळ्या ठशांशी तुलना करावी लागते. २०१० मध्ये हे काम तीन गटांना दिले गेले: अ‍ॅक्सेंचर, महिंद्र सत्यम व मॉर्फो, आणि एल-१ आयडेंटिटी सोल्यूशन्स. कंपन्यांना नेमका कोणता डेटा हाताळायला मिळणार, तो किती काळ ठेवता येणार, हे कराराच्या कलमांत होते. २०१७ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या कराराच्या प्रतीवरून यावर मोठा वाद झाला. डेटा प्राधिकरणाच्या केंद्राबाहेर गेलेलाच नाही, असा खुलासा प्राधिकरणाने केला. खुलासा खरा मानला तरी मुद्दा उरतोच. नागरिकाच्या शरीराच्या खुणांविषयीचा करार वाचायला नागरिकाला सात वर्षे लागावीत का?

अलीकडचे उदाहरण मृतांचे. २०२५ मध्ये एका अर्जाच्या उत्तरातून कळले की चौदा वर्षांत मृत्यूमुळे निष्क्रिय केलेले क्रमांक सुमारे १ कोटी १५ लाखच आहेत. देशात दरवर्षी होणाऱ्या मृत्यूंच्या मानाने हा आकडा अगदीच लहान होता. त्याच वर्षी प्राधिकरणाने मृत्यू नोंदणीच्या आकडेवारीशी ताळमेळ घालण्याची मोहीम वाढवली आणि नोव्हेंबरपर्यंत निष्क्रिय क्रमांकांची संख्या दोन कोटींवर गेल्याचे जाहीर केले.

या चारही अर्जांत कुणा एका व्यक्तीची माहिती मागितलेली नव्हती. किती संकेतस्थळे, कोणता आदेश, कोणते कलम, किती क्रमांक, एवढेच प्रश्न होते. ते यंत्रणेविषयीचे होते आणि त्यांच्या उत्तरांनी कुणाचेही गुपित उघडे पडले नाही.

दार कसे बंद होते

जितके अर्ज फळाला आले त्याहून किती तरी अधिक अडले. अडवण्याच्या रीती अर्जदारांच्या ओळखीच्या झाल्या आहेत.

पहिली रीत माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(क): देशाची सुरक्षा. सुरक्षाव्यवस्थेचा आराखडा जगजाहीर करू नये हे कुणीही मान्य करील. पण आराखडा वेगळा आणि त्या व्यवस्थेच्या अपयशाची संख्या वेगळी. दुसरी रीत कलम ८(१)(घ): व्यापारी गुपित. कंत्राटदाराने बोली जिंकण्यापूर्वी हे कलम समजण्यासारखे आहे. सार्वजनिक पैशातून करार झाल्यावर त्याच्या अटी कुणाचे गुपित असतात? तिसरी रीत कलम ८(१)(ङ): विश्वासाने सोपवलेली माहिती. हिचा नमुना ओळखयोजनेच्या सख्ख्या भावंडात, म्हणजे डेटा संरक्षण कायद्यात सापडतो. २०२२ च्या मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवताना इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने आधीच जाहीर केले की आलेल्या सूचना विश्वासाने ठेवल्या जातील, प्रसिद्ध होणार नाहीत. केंद्राच्याच २०१४ च्या विधीपूर्व सल्लामसलत धोरणानुसार आलेल्या सूचनांचा गोषवारा संबंधित मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकायचा असतो. तसे न झाल्यामुळे कोणत्या उद्योगसंघटनेने काय मागितले आणि अंतिम कायद्यात त्यातले किती आले, हे तपासायला नागरिकाकडे साधन उरले नाही.

चौथी रीत सगळ्यांत सोपी: ‘अशी माहिती संकलित केलेली नाही.’ सार्वजनिक प्राधिकरणाने अर्जदारासाठी नवी माहिती तयार करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटले आहे. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण जी संस्था रोज कोट्यवधी पडताळण्यांची नोंद ठेवते तिच्याकडे ‘किती लोकांचा ठसा जुळला नाही’ याचे जिल्हावार वर्गीकरण नसेल, तर तो संगणकाचा दोष नाही. काय मोजायचे नाही याचाही कुणीतरी निर्णय घेतलेला असतो. म्हणूनच ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर जाणकार कार्यकर्ते फायलीत जपून ठेवतात. दावा करणाऱ्याकडे दाव्याचा आधारच नाही, हे त्यातून सिद्ध होते.

‘आरोग्य सेतू’च्या प्रकरणात हे अगदी ठळकपणे दिसले. कोट्यवधी फोनवर गेलेले हे कोविडकाळातले अ‍ॅप कुणी आणि कसे तयार केले, असे एका पत्रकाराने विचारले. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स विभाग यांच्यापैकी कुणाकडूनही धड उत्तर मिळेना. २७ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्रीय माहिती आयोगाने ‘हे मान्य होण्यासारखे नाही’ अशा भूमिकेतून कारणे दाखवा नोटिसा काढल्या. त्यानंतर सरकारने खुलासा केला की अ‍ॅप सरकार, उद्योग आणि तज्ज्ञ यांच्या सहकार्यातून तयार झाले. हेच वाक्य पहिल्या उत्तरात लिहिता आले असते.

पाचवी रीत म्हणजे संस्थाच कायद्याबाहेर नेणे. वेगवेगळ्या खात्यांचे डेटासाठे जोडणारी ‘नॅटग्रिड’ ही यंत्रणा २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गेली. सायबर हल्ल्यांची आणि डेटागळतीची नोंद जिच्याकडे येते ती ‘सर्ट-इन’ नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच अनुसूचीत गेली. त्याआधी महिनाभरच एका अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने सुमारे ८१.५ कोटी भारतीयांची आधारसह माहिती विक्रीला असल्याचा दावा केला होता. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीची माहिती अनुसूचीतल्या संस्थांकडेही मागता येते, एवढी फट कायद्यात आहे. गळतीचा तपशील त्या फटीतून सहज निघणारा नाही.

या सगळ्यावर अपील करता येते, पण अपिलांची रांग लांब आहे. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातल्या माहिती आयोगांपुढे चार लाखांहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती. त्यांतली एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होती. हा कायदा राबवण्यात पुढे असलेल्या राज्यात आज दुसरे अपील दाखल करणाऱ्याला बऱ्याचदा वर्षाच्या हिशेबात थांबावे लागते. तोवर ज्या रेशनकार्डासाठी अर्ज केला ते रद्द होऊन दुसरी योजनाही आलेली असते.

मोठी उत्तरे दुसरीकडून आली

आधारविषयीची सगळ्यांत वजनदार माहिती अर्जांतून आली नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने बायोमेट्रिक पडताळणी फसण्याचे अंदाज दिले: झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७, गुजरातेत ६, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात ५. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सादरीकरण केले. सरकारी सेवांसाठीच्या पडताळण्यांतल्या सुमारे १२ टक्के अयशस्वी ठरतात, हे त्यातून नोंदीवर आले. न्यायालयात प्रकरण नसते तर हा आकडा केव्हा कळला असता?

बचतीच्या दाव्यांचेही तसेच. जागतिक बँकेच्या २०१६ च्या जागतिक विकास अहवालात आधारमुळे वर्षाला ११ अब्ज डॉलर वाचू शकतात असा अंदाज होता आणि तो पुढे सर्रास उद्धृत होत राहिला. तो आकडा मुळात संबंधित अनुदानांच्या एकूण रकमेवरून घेतला गेला आहे, बचतीचा नाही, हे द्रेझ आणि खेरा यांनी दाखवून दिले. गॅसच्या अनुदानात झालेल्या बचतीचे श्रेय थेट हस्तांतरणाला दिले जात होते. कॅगने २०१६ च्या अहवालात हिशेब मांडला. एप्रिल ते डिसेंबर २०१५ या काळात अनुदान २३,३१६ कोटी रुपयांनी घटले. त्यातले २१,५५२ कोटी तेलाच्या किमती उतरल्यामुळे, आणि उठाव कमी झाल्यामुळे १,७६४ कोटी.

प्राधिकरणाच्या कारभारावरचा कॅगचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये संसदेत आला. माहिती अधिकारात वर्षानुवर्षे विचारल्या गेलेल्या किती तरी प्रश्नांची उत्तरे त्यात एकाच ठिकाणी होती. नोव्हेंबर २०१९ पर्यंत ४.७५ लाखांहून अधिक क्रमांक दुबार म्हणून रद्द झाले होते. अर्जदार १८२ दिवस देशात राहिला आहे हे तपासणारा कागद ठरवलेला नव्हता. पाच वर्षांखालच्या मुलांना ठशांशिवाय क्रमांक देण्यावर मार्च २०१९ पर्यंत ३१० कोटी रुपये खर्च झाले होते. २०१८-१९ मध्ये ठसे अद्ययावत करून घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोक स्वतःहून, पैसे भरून आले होते, म्हणजे मूळ नोंदणीचा दर्जा सदोष होता. पडताळणी का फसते याचे पृथक्करण करणारी व्यवस्था नव्हती.

टेंभलीपासून या अहवालापर्यंत साडेअकरा वर्षे गेली. एवढ्या काळात सक्ती आली, रेशनकार्डे रद्द झाली, झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातल्या एका मुलीच्या भुकेने झालेल्या मृत्यूनंतर २०१७ मध्ये देशभर वादळ उठले. कॅग झाल्या खर्चाचा हिशेब घेते. संकट टाळायला लागणारी माहिती त्याआधी हवी असते, आणि ती देण्याची जबाबदारी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने खुद्द कार्यालयावर टाकली आहे. महत्त्वाची धोरणे ठरवताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणे सांगा, असे ते कलम सांगते. या सगळ्या कहाणीत सर्वांत कमी वापरले गेलेले कलम हेच आहे.

झाकायचे काय, उघडायचे काय

इथे एक गुंता आहे आणि पारदर्शकतेच्या बाजूच्या लोकांनीही तो टाळू नये. रोजगार हमीची माहिती संकेतस्थळावर उघडी ठेवण्याची परंपरा मस्टर रोल वाचून दाखवणाऱ्या राजस्थानातल्या जनसुनावण्यांतून आली. कुणाला किती मजुरी मिळाली हे गावाला दिसले की खोटी नावे पकडता येतात. त्या उघडेपणाचा फायदा आजही होतो. २०२२-२३ मध्ये पाच कोटींहून अधिक मजुरांची नावे यादीतून वगळली गेली, यावर चर्चा होऊ शकली ती आकडे उपलब्ध होते म्हणून. पण याच याद्यांत आधार आणि बँक खात्याचे क्रमांकही मिसळले गेले. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी चार सरकारी संकेतस्थळे तपासून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडल्याचा अंदाज मांडला. त्यावर संशोधकांच्या संस्थेलाच प्राधिकरणाची नोटीस गेली.

मजुराचे नाव, कामाचे दिवस आणि मजुरी हा सार्वजनिक पैशाचा हिशेब आहे. त्याचा आधार क्रमांक आणि खाते क्रमांक हा त्याचा खासगी तपशील आहे. पहिला उघडा आणि दुसरा बंद ठेवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नव्हते. कायद्याच्या कलम १० नुसार अर्जाला उत्तर देतानासुद्धा झाकायचा भाग वगळून उरलेला देता येतो. व्यक्तीच्या बाजूने न्यायालयेही दक्ष आहेत. पतीच्या आधारचा तपशील पत्नीने माहिती अधिकारात मागितला, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, विवाहाच्या नात्याने व्यक्तीचा खासगीपणा संपत नाही अशी भूमिका घेतली.

प्रश्न आहे तो हाच खासगीपणा यंत्रणेची ढाल होण्याचा. माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी तोल होता. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर ती देता येत असे. शिवाय संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारू नये, अशी कसोटी होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हा तोल काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण ठेवले. ही दुरुस्ती १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे कलम ८(२) अजून शिल्लक आहे, याकडे सरकार बोट दाखवते. मुंबईचे माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी आणि इतर अनेकांचा आक्षेप असा की जवळजवळ प्रत्येक सरकारी कागदावर कुणाचे ना कुणाचे नाव असते, त्यामुळे नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला हे एकच कारण पुरेल. नोंदणी केंद्र कुणी चालवले, काळ्या यादीत कोण गेले, कुणाच्या सहीने नावे वगळली गेली, हे सगळे ‘वैयक्तिक’ ठरू शकते. आणि त्याच डेटा कायद्यात सरकारने अनुदाने व लाभांसाठी नागरिकाची माहिती वेगळ्या संमतीविना वापरण्याची वाट स्वतःकरता ठेवली आहे.

बाहेरच्या देशांत

हा झगडा फक्त भारताचा नाही. ब्रिटनमध्ये ओळखपत्र योजनेच्या सरकारी पूर्वतपासणीचे २००३ आणि २००४ चे अहवाल माहिती स्वातंत्र्याचा कायदा लागू होताच, जानेवारी २००५ मध्ये मागितले गेले. माहिती आयुक्तांनी ते द्यायला सांगितले, न्यायाधिकरणाने दुजोरा दिला, सरकार उच्च न्यायालयात गेले, प्रकरण परत न्यायाधिकरणाकडे आले आणि अखेर मार्च २००९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाले. कायदा संमत होऊन तोवर तीन वर्षे उलटली होती. मात्र त्या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी सरकारच्या अंदाजाहून कितीतरी मोठा, १०.६ ते १९.२ अब्ज पौंडांचा खर्च मांडून वाद जिवंत ठेवला. २०१० मध्ये नव्या सरकारने योजना रद्द केली आणि नोंदणीचा डेटा पुढच्या वर्षी नष्ट केला. २०२५ मध्ये तिथे डिजिटल ओळखीची नवी घोषणा झाली, तेव्हा आधीचा अनुभव विरोधकांच्या हाताशी होता.

जमैकाच्या न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तिथला ओळखकायदा रद्द करताना आपल्या आधार खटल्यातील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या भिन्नमताचा आधार घेतला. केनियात ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने ‘हुदुमा’ कार्डांचे वाटप बेकायदा ठरवले, कारण डेटासंरक्षणावर होणाऱ्या परिणामांचे मूल्यमापन आधी केले नव्हते. केनियाचा धडा आपल्याला सर्वांत उपयोगी आहे: माहिती ‘मागितल्यावर’ नव्हे तर ‘सुरू करण्यापूर्वी’ तयार असली पाहिजे, आणि नसेल तर योजनाच थांबली पाहिजे.

पुढचे क्रमांक दारात आहेत

आधारची लढाई झाली, आता मागे वळून पाहायचे, असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. ‘लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची झाली. विद्यार्थ्यांसाठी ‘अपार’, आरोग्यासाठी ‘आभा’ असे क्रमांक देशभर चालू आहेत. बहुतेकांच्या बुडाशी आधार आहे. शेतकरी क्रमांक नसल्याने किती जणांचे अनुदान अडले, ई-केवायसीत किती बहिणींचे नाव गळाले, त्यातल्या अपात्र किती आणि ओटीपी न आल्याने किंवा नावातल्या फरकाने बाद झालेल्या किती, हे पुन्हा दहा वर्षांनी एखाद्या लेखापरीक्षणातून कळावे काय?

मागणी नेमकी करता येते. ओळखीवर आधारलेल्या कोणत्याही योजनेसाठी किमान सहा गोष्टी कलम ४ खाली आपणहून प्रसिद्ध व्हाव्यात: सक्तीचा मूळ आदेश आणि त्यामागचे कलम, खर्च-लाभाचे पूर्वमूल्यांकन, कंत्राटदारांशी झालेले करार, पडताळणी फसण्याचे तालुकावार मासिक आकडे, वगळलेल्या नावांची कारणवार संख्या आणि दाद मागण्याची रीत, आणि गळतीच्या प्रत्येक घटनेची तारीख व व्याप्ती. यात एकाही नागरिकाचा क्रमांक, ठसा वा पत्ता येत नाही, त्यामुळे नवे ८(१)(ञ) इथे आडवे येऊ शकत नाही.

अर्ज करणाऱ्यांनीही हाच धडा घ्यावा. व्यक्तीविषयी विचारले की दार बंद होते. नियम, आदेश, करार, संख्या आणि फाइलवरची टिपणी मागितली की नकार देणाऱ्याला कारण शोधावे लागते. रेशन अडल्याने जगण्याचाच प्रश्न असेल तर कलम ७ मधल्या ४८ तासांच्या मुदतीचा आग्रह धरावा. ग्रामसभेत रास्त भाव दुकानाच्या नोंदी मागाव्यात, कारण फसलेल्या अंगठ्यांचा पहिला हिशेब तिथेच होतो. नागरिकाने आपली ओळख सिद्ध करायची तर सरकारने आपला निर्णय सिद्ध करायचा, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी पाळला गेला तरच ओळखीची यंत्रणा लोकशाहीत बसते. पंधरा वर्षांत नागरिकाने आपली बाजू अनेक वेळा, दरवेळी नव्या यंत्रावर अंगठा टेकवून पाळली आहे. थकबाकी सरकारकडे आहे, आणि ती अर्जांची वाट न पाहता फेडण्याचे बंधन कायद्याने वीस वर्षांपूर्वीच घातलेले आहे.